पोकेमॉनची कार्डे आणि कंसातला हिशेब

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरात एक तंटा झाला. तंटा जमिनीचा नव्हता, पैशांचाही नव्हता. तो होता दहा गुणांचा. आणि त्यात न्यायनिवाडा करायला बसलेले आम्हीच चुकलो. ते सगळे इथे सांगावेसे वाटते, कारण ज्या घरात मुले आहेत त्या घरात आज ना उद्या हा तंटा यायचाच.

आमची भाची सुट्टीसाठी आली होती. यंदा सहावीत गेली आहे. तिच्या वडिलांना कंपनीत बोनस मिळाला तेव्हा त्यांनी तिला पोकेमॉनच्या कार्डांची एक पेटी घेऊन दिली होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती कार्डे जपून ठेवते. आमचा मुलगा नववीत. दोघे दुपारी फरशीवर चटई टाकून खेळत बसले होते. आम्ही रविवारचा पेपर वाचत होतो. एकदम आवाज चढला.

"तुझा बाद झाला!"

"कसला बाद? दहा उरलेत अजून!"

दोघेही आमच्याकडे आले. आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ कचेरीत हिशेबाचे काम करतो, बी. कॉम. झालेलो आहोत, तेव्हा बेरीज-गुणाकाराचा निवाडा आमच्याकडे येणे साहजिकच होते. आम्ही पेपर बाजूला ठेवला आणि विचारले, "आकडे सांगा."

आकडे असे होते. भाचीच्या अग्नी प्रकारच्या पोकेमॉनचा हल्ला २० चा. त्याला तिने 'व्हायटॅलिटी बँड' नावाचे कार्ड जोडलेले, त्याचे १० जादा. समोर आमच्या मुलाचा गवत प्रकारचा पोकेमॉन. त्याचा जीव, ज्याला मुले एचपी म्हणतात, तो ६०. गवताला आगीपुढे कमजोरी, म्हणजे मार दुप्पट.

आम्ही क्षणभरही विचार केला नाही. शाळेत पाठ केलेले 'कंचेभागुबेव' तोंडात तयारच होते. गुणाकार आधी, बेरीज नंतर. वीस दुणे चाळीस, अधिक दहा, पन्नास. साठातून पन्नास गेले, दहा उरले. पोकेमॉन जिवंत. मुलगा जिंकल्यासारखा हसला.

भाची हळूच म्हणाली, "मामा, कंसातलं वाचा ना."

आम्ही म्हणालो, "अगं, हिशेब झाला. मोठ्यांनी सांगितलं की ऐकावं."

तिने वाद घातला नाही. कार्डे गोळा केली, डब्यात ठेवली, झाकण लावले आणि मामीला भाकरी थापताना बघायला स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर दोन दिवस तो डबा उघडला नाही. दुसऱ्या रात्री आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पोरगी काहीतरी दाखवत होती तुम्हाला. बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आम्ही उठलो. डबा घेतला, चष्मा लावला आणि ते कार्ड दिव्याखाली धरले. बारीक इंग्रजी अक्षरात लिहिले होते की, हे कार्ड ज्याला जोडले आहे त्याचे हल्ले समोरच्या मैदानातल्या पोकेमॉनला १० जादा मार देतात. आणि त्यापुढे कंसात लिहिले होते: कमजोरी आणि प्रतिकार लावण्यापूर्वी.

लावण्यापूर्वी! म्हणजे आधी २० अधिक १०, तीस. मग तीस दुणे साठ. जीव साठ, मार साठ. पोकेमॉन बाद. पोरगी बरोबर होती. आम्ही चूक होतो.

आमचे कुठे चुकले?

'कंचेभागुबेव' चुकीचे नाही. पण तो नियम एखादी मांडणी लिहून झाल्यावर ती कशी सोडवायची ते सांगतो. मांडणी कशी लिहायची ते तो सांगत नाही. ते व्यवहार ठरवतो आणि इथे व्यवहार कार्डावर छापलेला होता. आम्ही कार्ड न वाचताच मांडणी केली. आणि गंमत अशी की, ज्या सूत्राचा आम्ही आधार घेतला त्याचे पहिलेच अक्षर 'कं' आहे. कंस आधी! कंसातलेच वाचायला भाची सांगत होती.

हेच आपल्या पगारपत्रकातही असते, फक्त आपण तिकडे या नजरेने बघत नाही. समजा एका कामगाराचा मूळ पगार २०,००० रुपये आहे आणि महागाई भत्ता मूळ पगाराच्या ५० टक्के आहे. त्याला १,००० रुपये वाढ मिळाली. ही वाढ मूळ पगारात धरली, तर मूळ २१,००० आणि भत्ता १०,५००, मिळून ३१,५०० रुपये. तीच वाढ वेगळा भत्ता म्हणून बाहेर दाखवली, तर मूळ २०,०००, महागाई भत्ता १०,०००, वर १,०००, मिळून ३१,००० रुपये. वाढ तेवढीच, हजाराची. पण ती गुणाकाराच्या आधी आली की नंतर, यावर महिन्याला पाचशे रुपयांचा फरक पडला. म्हणून जाणती माणसे 'किती वाढ' एवढेच विचारत नाहीत. 'कशात वाढ' हेही विचारतात. भाचीच्या बँडचे दहा गुण मूळ पगारात मिळालेल्या वाढीसारखे होते. आम्ही ते बाहेरच्या भत्त्यात टाकले.

हा खेळ आहे तरी काय?

पालकांपैकी अनेकांना पोकेमॉन म्हणजे टीव्हीवरचे कार्टून एवढेच ठाऊक असते. आपल्याकडे ते कार्टून नेटवर्क वाहिनीवर २००३ साली सुरू झाले. मूळ मात्र जपानचे. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्यातून त्यांना प्राणी पकडण्याच्या आणि अदलाबदल करण्याच्या खेळाची कल्पना सुचली. त्यांचा व्हिडिओ गेम फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डांचा खेळ निघाला. इंग्रजी कार्डे विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९९ साली काढली. त्या पहिल्या इंग्रजी संचात १०२ कार्डे होती. आज या खेळाची जागतिक स्पर्धा होते आणि त्यात लहान मुलांचा गट वेगळा असतो. २०२३ ची स्पर्धा जपानच्या योकोहामा शहरात झाली.

खेळणारे दोघे. प्रत्येकाकडे बरोबर ६० कार्डांचा गठ्ठा. एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डे चालतात, साध्या ऊर्जा कार्डांना मात्र ही मर्यादा नाही. सुरुवातीला हातात सात कार्डे घ्यायची आणि आपल्याच गठ्ठ्यातली सहा कार्डे बक्षीस म्हणून बाजूला पालथी ठेवायची. एक पोकेमॉन मैदानात पुढे असतो, जास्तीत जास्त पाच मागे राखीव बाकावर. पोकेमॉनला ऊर्जा कार्डे जोडायची, साधारणपणे एका पाळीला एकच. पुरेशी ऊर्जा झाली की हल्ला करता येतो. समोरचा बाद झाला की आपण बाजूला ठेवलेले एक बक्षीस कार्ड आपण उचलायचे. सहाही उचलली की डाव जिंकला.

इथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. बक्षीस कार्डे आपलीच असतात. समोरच्याची कार्डे कायमची घेण्याचा नियम या खेळात नाही. कुणी मोठा मुलगा 'हरलास, आता तुझी कार्डे माझी' म्हणत असेल, तर तो खेळ सोडून जुगार खेळतो आहे.

हिशेबाच्या सहा पायऱ्या

चूक कळल्यावर आम्ही कंपनीचे नियमपुस्तक मोबाईलवर उतरवून घेतले आणि वाचून काढले. हल्ल्याचा हिशेब त्यात पायऱ्या पाडून दिलेला आहे. आपल्या शब्दांत तो असा:

१. हल्ल्यापुढे छापलेला मूळ आकडा घ्या.

२. हल्ला करणाऱ्याच्या बाजूची सगळी वाढ-घट त्यात मिळवा. हल्ल्याच्याच मजकुरात लिहिलेली वाढ, जोडलेल्या बँडसारख्या कार्डाची वाढ, सगळे इथेच.

३. समोरच्याला कमजोरी असेल तर ती लावा. हल्लीच्या कार्डांवर ती ×२ अशी छापलेली असते.

४. समोरच्याला प्रतिकार असेल तर तो वजा करा. २०२० पासूनच्या कार्डांवर तो −३० असतो.

५. मार खाणाऱ्याच्या बाजूचे बचाव आता वजा करा.

६. जो आकडा उरेल त्यातल्या दर दहाला एक खूणगाठ, असा मार त्या पोकेमॉनवर मांडा. मार जिवाइतका किंवा जास्त झाला की तो बाद.

पाहा, हल्ल्याची वाढ दुसऱ्या पायरीवर आहे आणि गुणाकार तिसऱ्या. बचावाची घट मात्र पाचव्या पायरीवर, गुणाकार होऊन गेल्यावर. यातच सगळे रहस्य आहे. कमजोरी असताना हल्ल्यातले १० जादा गुण २० चे काम करतात. बचावातले २० गुण मात्र २० चेच राहतात.

एक उदाहरण घेऊ. हल्ला ८० चा, समोरच्याला कमजोरी ×२, आणि त्याच्याकडे मार २० ने कमी करणारे कार्ड आहे. बरोबर हिशेब: ८० दुणे १६०, वजा २०, म्हणजे १४०. जो मुलगा घाईने आधी वीस वजा करील तो म्हणेल, ६० दुणे १२०. वीस गुणांचा फरक पडला. समोरच्याचा जीव १३० असेल, तर खऱ्या हिशेबाने तो बाद आहे आणि घाईच्या हिशेबाने जिवंत.

जुने कार्ड वेगळे बोलते

आता आमच्या मुलाची बाजूही सांगितली पाहिजे. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या वर्गमित्राच्या थोरल्या भावाने त्याला खेळ शिकवला होता, आणि तो भाऊ जुन्या कार्डांवर खेळलेला. जुन्या काळी आमच्या मुलाचाच हिशेब बरोबर ठरला असता.

१९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचात 'प्लसपॉवर' नावाचे कार्ड होते. तेही १० जादा मार देणारे. पण त्याच्या कंसात लिहिले होते की, कमजोरी आणि प्रतिकार लावल्यानंतर मार बसत असेल, तर १० जादा. लावल्यानंतर! त्याच संचातले हिटमॉनचॅन हे कार्ड घ्या. त्याचा 'जॅब' हा ठोसा २० चा. समोर इलेक्टाबझ, जीव ७०, आणि हिटमॉनचॅनच्या प्रकारापुढे त्याला कमजोरी. वीस दुणे चाळीस. दोन प्लसपॉवर लावली तर चाळीस अधिक वीस, साठ. इलेक्टाबझचे दहा उरले. तो बाद करायला तिसरे प्लसपॉवर लागे.

पुढे २०११ च्या 'ब्लॅक अँड व्हाइट' संचात प्लसपॉवर याच नावाचे कार्ड निघाले, तेव्हा कंसातला शब्द 'पूर्वी' असा होता. त्या हिशेबाने वीस अधिक वीस, चाळीस, दुणे ऐंशी. दोन कार्डांतच सत्तर जिवाचा बाद. नाव तेच, आकडा तोच, फक्त कंसातला एक शब्द बदलला आणि साठाचे ऐंशी झाले.

मध्यंतरी २००७ च्या 'डायमंड अँड पर्ल' संचापासून काही वर्षे कमजोरीपुढे दुप्पट न छापता +१०, +२०, +३० असे आकडे छापले जात. त्या कार्डांवर आमच्या घरातला तंटा झालाच नसता. वीसला दहा आधी मिळवा की नंतर, बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. २०१० पासूनच्या संचांत पुन्हा दुप्पट आली आणि क्रमाला पुन्हा किंमत आली. मुलांना हे समजावून सांगण्यासारखे आहे: नुसती बेरीज-वजाबाकी असेल तर मागेपुढे चालते, मध्ये गुणाकार आला की चालत नाही.

पण त्यातही एक खोच आहे. पहिल्या संचातल्या चारिझार्डचा जीव १२० आणि हिटमॉनचॅनच्या प्रकाराला त्याचा प्रतिकार ३० चा. हिटमॉनचॅनने २० चा ठोसा मारला तर वीस वजा तीस, म्हणजे शून्य. मार शून्याखाली जात नाही. आता जुने प्लसपॉवर लावले तर १० मिळतील का? नाही. कारण त्याच्या कंसातली अट अशी की, कमजोरी-प्रतिकार लावून झाल्यावर काही मार बसत असेल तरच. मार बसलाच नाही, तर जादा कशाचे? हिटमॉनचॅनचा दुसरा ठोसा ४० चा. चाळीस वजा तीस, दहा. इथे मार बसला, म्हणून प्लसपॉवरचे दहा मिळतील आणि वीस होतील. एकाच कार्डाने एका ठिकाणी काही दिले नाही आणि दुसऱ्या ठिकाणी मार दुप्पट केला. अट वाचल्याशिवाय हे कसे कळणार?

हल्ल्यातच लिहिलेली वाढ

काही हल्ल्यांच्या आकड्यापुढे अधिकचे चिन्ह असते. पहिल्या संचातल्या ब्लास्टॉइजच्या 'हायड्रो पंप' या हल्ल्याचा आकडा ४०+ असा आहे. हल्ल्याला तीन जलऊर्जा लागतात. त्याहून जास्त जोडलेल्या प्रत्येक जलऊर्जेमागे १० जादा, पण फक्त दोन ऊर्जांपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ६०.

समोर चारिझार्ड असेल तर त्याला पाण्यापुढे कमजोरी. तीन ऊर्जांवर ४० दुणे ८०. चार ऊर्जांवर ५० दुणे १००. पाच ऊर्जांवर ६० दुणे १२०, आणि चारिझार्डचा जीव बरोबर १२०. एका झटक्यात बाद. एकेक ऊर्जा कार्डाने वीस-वीस गुणांची भर घातली, कारण हल्ल्यातली वाढ गुणाकाराच्या आधी धरली जाते. हा हिशेब ज्या मुलाला आधी दिसतो तो चार ऊर्जांवर उतावीळ होऊन हल्ला करत नाही, एक पाळी थांबतो.

दोन तोलामोलाची कार्डे

२०२४ च्या 'टेम्पोरल फोर्सेस' संचात दोन भारी कार्डे आली. एक 'मॅक्सिमम बेल्ट'. ते समोरच्या मैदानातल्या 'ईएक्स' पोकेमॉनला ५० जादा मार देते, कमजोरी लावण्यापूर्वी. दुसरे 'हिरोज केप'. ते आपल्या पोकेमॉनचा जीव १०० ने वाढवते. मुलांना वाटते, शंभर म्हणजे पन्नासच्या दुप्पट, तेव्हा बचावाचे कार्ड सरस. पण कमजोरी असेल तेव्हा ते पन्नास दुप्पट होऊन शंभरच होतात. एकाचा बेल्ट आणि दुसऱ्याची केप बरोबरीत सुटतात. कमजोरी नसेल तर मात्र केप पन्नास गुणांनी पुढे. म्हणून कोणते कार्ड चांगले, याचे एक उत्तर नाही. समोर कोण उभा आहे ते बघून उत्तर काढावे लागते.

फसण्याच्या जागा

नियमपुस्तक वाचताना आम्हाला आणखी काही जागा दिसल्या, जिथे मुले हमखास भांडतात.

राखीव बाकावरच्या पोकेमॉनला मार बसला, तर त्याला कमजोरी आणि प्रतिकार लागत नाहीत. बाकावरच्याला ३० चा मार म्हणजे ३०च, मग त्याची कमजोरी असो वा नसो.

विषबाधेचा मार हा हल्ल्याचा मार नव्हे. तो दोन पाळ्यांच्या मध्ये बसतो आणि त्याला दुप्पट नाही.

काही कार्डांवर 'इतका मार द्या' असे नसते, 'इतक्या खूणगाठी ठेवा' असे असते. तिथे गुणाकार-वजाबाकी काही करायची नाही. लिहिले आहे तेवढ्या खूणगाठी ठेवायच्या.

ज्या हल्ल्यात मार नाहीच, नुसते झोपवणे वगैरे आहे, त्याला बँड जोडला म्हणून दहा गुण लागत नाहीत. शून्यात भर पडत नाही.

नकली कार्डांबद्दल

आमच्या मुलाने एकदा रस्त्यावरच्या दुकानातून सोनेरी चकाकणाऱ्या कार्डांचे पाकीट आणले. स्वस्तात मिळाले म्हणून खूश होता. खेळायला बसला तर एका कार्डावर जिवाचा आकडा भलताच मोठा, दुसऱ्यावर कमजोरीची जागा कोरी, तिसऱ्यावर हल्ल्याच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले. अशा कार्डांवर आपण वर मांडलेला हिशेब करताच येत नाही, कारण त्यावरचे आकडे कुणी विचार करून छापलेले नसतात. ज्याच्याकडे मोठा आकडा तो जिंकला, एवढाच खेळ उरतो. मग भांडण ठरलेलेच.

आम्ही असे म्हणत नाही की मुलांना महागडी पाकिटे घेऊन द्या. उलट पाकीट उघडून भारी कार्ड निघते का बघायचा नाद वाईट. त्यात पैसा जातो आणि खेळ होत नाही. घ्यायचाच असेल तर तयार गठ्ठा एकदाच घ्यावा आणि दोघा-तिघा भावंडांनी मिळून खेळावा. तेही जमत नसेल तर जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर आकडे, कमजोरी आणि जीव पेनाने लिहावेत. बाजारात ती कार्डे चालणार नाहीत, पण घरी खेळायला काय हरकत आहे? आकडे खरे लिहिले की हिशेब तोच होतो.

सोडवून पाहा

मुलांनी आधी वहीत सोडवावे, मग उत्तर बघावे.

पहिले: हल्ला ५० चा, व्हायटॅलिटी बँड जोडलेला, समोरच्याला कमजोरी ×२, जीव १२०. बाद होईल का?

दुसरे: हल्ला ६० चा, जोडलेले काही नाही, समोरच्याला प्रतिकार −३०. मार किती?

तिसरे: हल्ला ८० चा, समोरच्याला कमजोरी ×२, त्याच्याकडे मार २० ने कमी करणारे कार्ड, जीव १६०. किती उरले?

चौथे: हल्ल्यात बाकावरच्या एकाला ३० चा मार लिहिला आहे. बाकावरच्याला कमजोरी ×२ आहे. मार किती?

उत्तरे: पहिल्यात ५० अधिक १०, साठ, दुणे १२०. बाद. दुसऱ्यात ३०. तिसऱ्यात १६० वजा २०, म्हणजे १४० चा मार, २० उरले. चौथ्यात ३०च, कारण बाकावर कमजोरी लागत नाही.

शेवटी त्या दोघांचे

चूक कळली त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. कचेरीत जमाखर्चात चूक निघाली तर आम्ही लाल शाईने दुरुस्ती करून खाली सही करतो. मग घरातल्या चुकीची दुरुस्ती गुपचूप कशी करायची? सकाळी चहाच्या वेळी दोघांना समोर बसवले. ते कार्ड मध्ये ठेवले आणि म्हणालो, "परवाचा निवाडा चुकला. हिची बेरीज बरोबर होती. कार्ड न वाचता मी निकाल दिला आणि वर हिलाच गप्प केलं. चूक माझी."

मुलगा आधी रुसला. मग कार्ड उचलून त्याने कंसातली ओळ स्वतः वाचली. वाचता वाचता अडखळला, तेव्हा भाचीने त्या अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगितला. आम्ही विचारले, "तुला गं कसा कळला?" ती म्हणाली, "मामा, शाळेच्या ग्रंथालयातल्या डिक्शनरीत बघितला होता. प्रत्येक कार्डावर तोच शब्द येतो ना."

अकरा वर्षांची पोर एका शब्दासाठी शब्दकोश उघडते, आणि वीस वर्षे हिशेब करणारे आम्ही चष्मा लावायचा कंटाळा करतो. काय म्हणावे?

दुपारी डबा पुन्हा उघडला. तो परवाचाच डाव, साठाला बाद धरून, तिथूनच पुढे सुरू झाला. संध्याकाळपर्यंत आमचा मुलगा हरला, आणि या वेळी कुणी आमच्याकडे निवाड्याला आले नाही. भांडण झाले की दोघे आधी कार्ड उलटसुलट करून कंस शोधत होते.

पालकहो, तुमच्या घरी असा तंटा आला, तर आमच्यासारखी घाई करू नका. मुलाने "कंसातलं वाचा" म्हटले, तर चष्मा लावा आणि वाचा. ते कार्ड खेळाचे असो, पगाराचे असो की रेशनचे.